आधी बरगड्या मोजा: कुत्र्याची छाती हाताने ओळखायची रीत

कुत्रा आजारी पडल्यावर त्याची छाती शिकायला बसू नका. तेव्हा तुमचे हात थरथरत असतात आणि त्याला कुणी हात लावलेला खपत नाही. तो धडधाकट असताना, जेवून दोन-तीन तास झालेत, फिरून आल्यावरची धाप ओसरलीय, गार फरशीवर निवांत पडलाय, अशी वेळ बघून अर्धा तास काढा. छातीत काय कुठे आहे यातलं बरंचसं बाहेरून हाताला कळतं. आपल्या कुत्र्याचं एकदा कळलं, की उद्या काही बिघडल्यावर डॉक्टरला फोनवर 'काहीतरी होतंय हो त्याला' याच्या पुढचं सांगता येतं.

माझी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. दिंडोरी, सिन्नर, निफाड हा पट्टा, आणि काम बहुतेक गाई-बैल-शेळ्यांचं. कुत्री यायची ती मळ्यावरची, बिबट्याने धरलेली नाहीतर ट्रॅक्टरखाली आलेली. निवृत्तीनंतर नाशिकच्या इंदिरानगरला राहायला आलो. सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला गेलं की लॅब्रेडॉर, पग, डोबरमन, आणि कुणाच्यातरी मायेने अंग धरलेली गावठी, सगळी भेटतात. ओळख झाली तसे लोक थांबवून विचारायला लागले. प्रश्न फिरून फिरून छातीपाशीच यायचे: छातीत गाठ लागतेय, ठोके चुकतायत, बरगड्यांत गुडगुड वाजतंय. त्यातल्या कित्येक तक्रारी छातीच्या नसतातच.

कारण लोक बरगड्यांच्या पिंजऱ्यालाच छाती समजतात. त्या पिंजऱ्याचा मागचा मोठा भाग पोटाचा असतो. यकृत जवळजवळ सबंध आणि रिकामं जठर, दोन्ही बरगड्यांच्या आडच असतात. हे हाताने पटवून घ्यायचं, म्हणून सुरुवात बरगड्या मोजण्यापासून.

मोजणी मागून पुढे करायची. पुढून करायला जाल तर पहिल्या चार-पाच बरगड्या खांद्याखाली आणि दंडाच्या मांसाखाली दडलेल्या असतात, बोटाला लागतच नाहीत. कुत्र्याला उभं करा, स्वतः त्याच्या मागे गुडघ्यावर बसा आणि दोन्ही हात कमरेवरून पुढे सरकवा. पहिलं हाड लागेल ती तेरावी बरगडी. ती आखूड असते आणि तिचं खालचं टोक मोकळं असतं, कशालाच जोडलेलं नाही. तिथून बोट एकेका खाचेतून पुढे न्या: बारा, अकरा, दहा. या तिघींची टोकं खाली एकमेकींना कूर्चेने जोडली जाऊन एक कमान होते, पोट आणि छातीच्या सीमेवर ती हाताला स्वच्छ लागते. नऊपासून पुढच्या सगळ्या थेट छातीच्या मधल्या हाडाला, उरोस्थीला, मिळतात. एकूण 13 जोड्या. गाईला 13, शेळीला 13, माणसाला 12, घोड्याला 18.

मोजताना हलका हात ठेवा. न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत, वर चरबीचा पातळ थर चालेल. आमच्या सोसायटीत एक लॅब्रेडॉर आहे, तिच्या अंगावर बोटं चरबीत रुततात तरी आठवी कुठली नि सातवी कुठली ते सांगता येत नाही. मालक म्हणतात, 'केस दाट आहेत.' केस नाहीत, रोजची बिस्किटं आहेत. बरगड्या सापडत नसतील तर बाकीचं शिकणं बाजूला ठेवून आधी वाटी लहान करा. बरगडी उचलायलाच जास्त जोर लागतो आणि श्वास तोकडा पडतो, मग हृदय कितीही धड असो.

आता पुढचं टोक. कुत्र्याच्या समोर बसून मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मध्ये बोट ठेवलं की उरोस्थीचं कठीण टोक लागतं. त्याच्या वरची, पहिल्या बरगड्यांमधली जागा म्हणजे छातीचं तोंड. श्वासनलिका, अन्ननलिका, डोक्याकडे आणि पुढच्या पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, सगळं या एवढ्याशा जागेतून जातं. श्वासनलिकेची कडी इंग्रजी सी अक्षरासारखी वरच्या बाजूला उघडी असतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत ही कडी वयानुसार ढिली पडून चपटी होतात आणि कुत्रा बदक ओरडल्यासारखा खोकतो. अशा कुत्र्याला गळपट्टा लावून ओढणं बंद करा, छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या.

उरोस्थीवरून बोट मागे पोटाकडे नेत राहा. शेवटी एक मऊ, वाकणारं टोक लागेल. ही ती प्रसिद्ध गाठ. दुसरी प्रसिद्ध गाठ म्हणजे तेराव्या बरगडीचं मोकळं टोक. खरी गाठ बहुधा एकाच बाजूला असते आणि कातडीबरोबर किंवा कातडीखाली सरकते. बरगडीचं टोक दोन्ही बाजूंना सारख्याच जागी असतं. तेव्हा घाबरून फोटो काढण्याआधी दुसऱ्या बाजूला हात लावून बघा.

छाती कुठे संपते ते आता. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो तेराव्या बरगडीपाशी उभा ताणलेला असेल असं वाटतं, पण त्याचा फुगवटा छातीच्या आत पुढे शिरलेला असतो, श्वास सोडलेला असताना खालच्या बाजूला साधारण सहाव्या-सातव्या बरगडीपर्यंत. कातडीवर रेघ ओढायची तर खाली सहाव्या बरगडीपासून सुरू करा, अंगाच्या मध्यावर आठवीवरून न्या आणि पाठीच्या मांसाजवळ अकरावीला संपवा. या तिरक्या रेघेच्या पुढे-वर फुप्फुस, मागे-खाली पोटातले अवयव. पाठीकडे कान लावला तर श्वासाची बारीक सळसळ येते, खाली मागे लावला तर जठराची गुडगुड. 'बरगड्यांत वाजतंय' म्हणतात ते हेच, आणि ते वाजायलाच हवं.

शवविच्छेदन करताना आम्ही आधी पोट उघडतो. तेव्हा श्वासपटल पोटाच्या बाजूने दिसतं: गुळगुळीत, मधोमध पांढरट चकाकणारं, आणि पुढे ओढल्यासारखं ताठ. सुरीच्या टोकाने त्याला बारीक भोक पाडलं की हवा सुस्कन आत जाते आणि तोच पडदा ढिला होऊन मागे लोंबतो. छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो याचा तो पुरावा. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नाही. फुप्फुसावरचं आवरण आणि बरगड्यांच्या आतलं अस्तर यांच्यात जेमतेम ओल असते. दोन ओल्या काचा एकमेकींवर सरकतात पण सुट्या होत नाहीत, तसं फुप्फुस छातीला चिकटून तिच्याबरोबर ओढलं जातं. मध्ये हवा, पाणी, रक्त किंवा पू शिरला की हे चिकटणं सुटतं. मग कुत्रा कितीही जोर करो, फुप्फुस उघडत नाही.

ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी मटणाच्या दुकानात जाऊन श्वासनलिकेसकट फेफडं आणि दिल एकत्र मागावं, न कापता. रविवारी नको, गर्दीत कुणी तुमच्यासाठी थांबणार नाही. घरी परातीत ठेवून श्वासनलिकेत सायकलच्या पंपाची नळी धरा आणि हळू हवा सोडा. मळकट गुलाबी लगदा वाटत होता तो फिका होत फुगत जातो आणि त्याचे खंड वेगळे दिसायला लागतात. तोंडाने फुंकू नका. डाव्या बाजूला दोन खंड, त्यातला पुढचा पुन्हा दोन भागांत. उजव्या बाजूला पुढचा, मधला, मागचा आणि आतल्या बाजूला दडलेला एक छोटा, असे चार. कुत्र्यातही मांडणी अशीच. फरक एक: शेळीत उजव्या पुढच्या खंडाला श्वासनलिकेतून वेगळी फांदी फुटते, मुख्य दुभाजनाच्याही आधी. कुत्र्यात ती फांदी नसते.

उजवा मधला खंड लक्षात ठेवा. कुत्रा औषध घेत नाही म्हणून त्याचं तोंड वर करून तूप, तेल किंवा सरबत ओतलं, ते चुकीच्या नळीत गेलं, तर न्यूमोनिया बहुतेक वेळा तिथे धरतो. तेलाचा तर फारच चिवट. औषध द्यायचंच तर गालाच्या खोबणीतून, मान सरळ ठेवून, थोडं थोडं.

आणि बघून झालेलं फेफडं कुत्र्याला कच्चं घालू नका. शेळ्या-मेंढ्यांच्या फुप्फुसात आणि यकृतात कधीकधी पाण्याने भरलेले पांढरट फोड असतात. ते कुत्र्याच्या एका बारीकशा पट्टकृमीचं पिल्लावस्थेतलं घर. कुत्र्याने ते खाल्लं की कृमी त्याच्या आतड्यात वाढतात, विष्ठेतून अंडी पडतात आणि ती आपल्या पोटात गेली तर तसेच फोड माणसाच्या यकृतात नि फुप्फुसात होतात. कुत्र्याला काहीच होत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हृदयाकडे येऊ. कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे डावी बाजू वर. पुढचा पाय नैसर्गिक घडीत आणला की कोपर छातीला जिथे टेकतं, तिथे साधारण पाचवी बरगडी आणि तिच्यामागची खाच येते. पाय थोडा पुढे ओढून त्या खाचेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, तीन बोटं सपाट ठेवा. पाय इतका सहज पुढे जातो याचं कारण कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं म्हटलं तरी चालेल, नावापुरता अवशेष असतो. पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी लटकलेला आहे.

हृदय तिसऱ्या बरगडीपासून सहावीपर्यंत बसतं आणि त्याचं टोक मागे, खाली आणि थोडं डावीकडे वळलेलं असतं. म्हणून डावीकडे ठोका ठसठशीत लागतो, उजवीकडे मंद. दोन्ही तळहात एकाच वेळी दोन्ही बाजूंना ठेवून हा फरक लक्षात घ्या. उजवीकडचा ठोका डावीपेक्षा जोरात लागत असेल, किंवा ठोक्याबरोबर तळहाताला बारीक कंप जाणवत असेल, तर दाखवून घ्या. ठोका दोन्हीकडे विझल्यासारखा लागत असेल तर मध्ये चरबी तरी आहे नाहीतर पाणी. डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल, अरुंद छातीच्या कुत्र्यांत हृदय उभं असतं. पग, बुलडॉगमध्ये आडवं आणि उरोस्थीला टेकून. एक्स-रे बघून 'हृदय मोठं दिसतंय' असं कुणी म्हणालं तर जात कोणती हे धरून बोललंय ना, तेवढं विचारा.

ठोके पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यात मिनिटाला 60 ते 140, त्यात थोराड जातींचे कमी आणि छोट्यांचे जास्त. पिल्लांचे याहूनही जास्त. मोजताना एक गोष्ट तुम्हाला दचकवेल: ठोके एका लयीत पडत नाहीत. चार-पाच भरभर, मग लांब थांबा, पुन्हा भरभर. दुसरा हात बरगडीवर ठेवा. श्वास आत घेताना वेग वाढतो आणि सोडताना मंदावतो, असं जुळलं तर ते निरोगी कुत्र्याचं लक्षण आहे. निवांत कुत्र्यात हे आपल्यापेक्षा कितीतरी ठळक असतं. श्वासाशी काही मेळ नसलेली अडखळ मात्र वेगळी. ती ओळखायला मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात, नाडी शोधा. प्रत्येक ठोक्याला एक नाडी आली पाहिजे. ठोका लागला पण नाडी आली नाही, असं वरचेवर होत असेल तर ईसीजी लागेल. डोबरमन असेल तर लगेच, कारण त्या जातीत हृदयाचा स्नायू पातळ होऊन पसरण्याचा आजार नेहमीचा, आणि बाहेरून काही दिसायच्या आधी ठोका चुकायला लागतो. छोट्या जातींत म्हातारपणी डावी झडप जाड होऊन गळते. तिचा आवाज डाव्या पाचव्या खाचेतच सर्वांत मोठा येतो.

एवढं सगळं नको असेल तर एकच शिका, श्वास मोजा. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर आली नि खाली गेली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. 30 च्या आत हवा, बहुतेकांचा 20 च्या आसपास असतो. स्वप्नात पाय हलवत असेल, कुंई-कुंई करत असेल तेव्हा मोजू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा जीभ काढून धापा टाकतो तो आकडाही धरू नका. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा हाच त्याचा घाम. आठवड्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवा. हृदयाचा आजार माहीत असलेल्या कुत्र्याचा झोपेतला आकडा 30 च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर फुप्फुसात पाणी उतरायला लागलंय असं धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खोकल्याची वाट बघू नका.

आकड्याबरोबर श्वासाची चाल बघा. श्वास घेताना छाती आणि पोट दोन्ही बाहेर यायला हवेत. छाती आत आणि पोट बाहेर असं उलटं चाललं असेल, कोपरं अंगापासून दूर काढून मान लांबवून बसला असेल, झोप येत असूनही आडवा होत नसेल, हिरड्या निळसर असतील, तर ही रात्र काढायची वेळ नाही.

अन्ननलिकेबद्दल थोडंसं. छातीत तिला तीन अडचणीच्या जागा आहेत: छातीचं तोंड, हृदयाच्या वरची जागा, आणि श्वासपटलाच्या अलीकडे. गिळलेलं हाड या तिघांपैकी एका ठिकाणी अडकतं. कुत्रा लाळ गाळतो, मान लांबवून पुन्हा पुन्हा गिळतो, आणि खाल्लेलं जसंच्या तसं, पोटाला ताण न देता, बाहेर टाकतो. ताण देऊन, पोट आत ओढून काढतो ती उलटी. ती जठरातून येते. हा फरक डॉक्टरला आवर्जून सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. हाड पुढे ढकलायला भाकरी, केळं असले प्रयोग नकोत. हाडाने नलिका फाटली तर सगळं छातीत सांडतं.

गोठ्याजवळ वाढलेल्या कुत्र्यात आणखी एक कारण निघतं. स्पायरोसर्का नावाचा जंत शेणकिड्यातून कुत्र्याच्या पोटात जातो, जठराची भिंत पोखरून रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून महाधमनीपर्यंत चढतो आणि तिथून शेजारच्या अन्ननलिकेत शिरून गाठ करतो. मळ्यावरची कुत्री उघडताना हृदय आणि श्वासपटल यांच्यामध्ये अशी गाठ मी पाहिली आहे; कापली की आत लालसर जंत वेटोळी घालून बसलेले. काही गाठींचा पुढे कर्करोग होतो, आणि धमनीची भिंत कमकुवत झाली तर कुत्रा चालता-चालता कोसळतो. गिळायला त्रास होणाऱ्या गावठी कुत्र्याचा छातीचा एक्स-रे काढताना डॉक्टरच्या कानावर गोठ्याची गोष्ट घाला.

आता चावा आणि अपघात, कारण छातीचा सगळा अभ्यास खरा लागतो तो इथे. मोठा कुत्रा लहान कुत्र्याला छातीला धरून झटकतो तेव्हा कातडीवर सुळ्यांची दोन-चार भोकं दिसतात, आत मात्र बरगड्या तुटलेल्या, त्यांच्यामधला स्नायू फाटलेला आणि फुप्फुस चेचलेलं असू शकतं. कुत्र्याची कातडी सैल असल्यामुळे ती सुळ्याबरोबर सरकते, आतलं मांस सरकत नाही. बिबट्याच्या तावडीतून सुटलेल्यांचं तेच. 'छोटी जखम आहे, हळद लावलीय' असं म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. दोन फुप्फुसांमधला पडदा कुत्र्यात इतका पातळ असतो की एका बाजूला हवा शिरली तरी बहुतेक वेळा दोन्ही बाजू बसतात.

जखमेतून श्वासाबरोबर हवेचा आवाज किंवा बुडबुडे येत असतील तर तिच्यावर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा किंवा ओला गॉज धरा आणि वरून सैल पट्टी गुंडाळा. पाणी ओतून धुवू नका. काठी-सळई रुतली असेल तर ओढू नका. पट्टी आवळायची नाही, आवळली तर उरलेला श्वासही बंद. मुंबई-आग्रा महामार्गावर गाडीचा धक्का लागलेला कुत्रा उठून चालला म्हणून सोडून देतात. श्वासपटल फाटून यकृत किंवा आतडं छातीत सरकलेलं असेल तर धाप कधीकधी काही दिवसांनीही लागते. धक्का लागलेल्याचा एक्स-रे काढाच.

श्वास आणि ठोका दोन्ही थांबले असतील तर छाती दाबणं हा एकच मार्ग, दवाखान्यात पोचेपर्यंत. बहुतेक मध्यम-मोठ्या कुत्र्यांना कुशीवर ठेवून छातीच्या सर्वांत रुंद जागी. डोबरमनसारख्या अरुंद छातीत थेट हृदयावर. बुलडॉगसारख्या पसरट छातीत उताणं ठेवून उरोस्थीवर. मिनिटाला 100 ते 120 वेळा. कुशीवर असेल तर छातीच्या रुंदीचा तिसरा हिस्सा ते निम्मी दबेल इतका जोर, उताण्याला त्याहून कमी, साधारण चौथा हिस्सा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. एकटे असाल तर तीसदा दाबून, तोंड बंद धरून नाकातून दोनदा फुंकायचं. जिवंत कुत्र्यावर याची तालीम करू नका.

नेताना त्याला हवं तसं बसू द्या. धाप लागलेला कुत्रा छातीवर, पुढचे पाय रोवून बसतो, त्यातच त्याचं फुप्फुस जास्तीत जास्त उघडतं. त्याला माया म्हणून छातीशी कवटाळू नका आणि उताणा तर अजिबात करू नका. रिक्षातून न्यायचं तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी धरा, पडदा वर ठेवा, तोंडात पाणी घालू नका. निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून ऑक्सिजनची सोय आहे का विचारा, नसेल तर त्यांनाच विचारून दुसरीकडे वळा. चावणारा कुत्रा भटका असेल तर रेबीजचं आठवणीने सांगा. तुमच्या कुत्र्याची लस झालेली असली तरी पुन्हा टोचावी लागते. झटापटीत तुमच्याही हाताला ओरखडा किंवा लाळ लागली असेल तर हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि तुमचं इंजेक्शन वेगळं, ते माणसांच्या दवाखान्यात.